मडमचे गिनीपिग आणि लांब दांड्याचं ओगराळं

गिनीपिगाची भुवई रंगवण्याची माझी गोष्ट आमच्या सग्यासोयऱ्यांत फार चालते. लग्नघरी जेवणं उरकली, सतरंजीवर पानाचं तबक आलं, की कोपऱ्यातून कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, ती भुवई होऊ द्या." मीही फार आढेवेढे घेत नाही. उठतो, टोपी मागे सारतो, मडमसाहेबांचा आवाज काढतो, त्या प्राण्याची शीळ घालतो, कोळशाच्या मोटारीचा खोकला खोकतो. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतात. भुवई धुऊन निघते तिथं मी थांबतो. तिथं थांबलं की टाळी हमखास मिळते.

त्या गोष्टीत एक बाई आहे. तिला मी कायम गाळत आलो. आज तिच्यासकट सांगायचं ठरवलं आहे. टाळीची अपेक्षा नाही.

ते महायुद्धाचे दिवस होते. तिसगावपासून दोन कोसांवरच्या एका गावात मिशनच्या शाळेवर मी मास्तर होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. शाळा, तिला लागून चर्च (आम्ही त्याला देऊळच म्हणत असू), समोर एक मोठा निंब आणि निंबापलीकडे मडमसाहेबांचा बंगला. मडमसाहेब एकट्या राहायच्या. त्यांना ना मांजर आवडायचं ना कुत्रं. त्यांनी पाळले होते दोन गिनीपिग. आमच्या गावानं असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता. ससा म्हणावा तर कान नाहीत, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही. गावानं त्यांना मडमचे उंदीर ठरवून टाकलं आणि विषय मिटवला. दोन्ही पांढरेशुभ्र. त्यातल्या एकाच्या डाव्या डोळ्यावर काळा पट्टा होता, जाड भुवईसारखा. त्यामुळे तो सदा काहीतरी शंका काढल्यासारखा बघायचा.

एप्रिल लागला की मडमसाहेब थंड हवेला जायच्या. त्या वर्षी जाताना त्यांनी पेटीसकट ते दोन प्राणी माझ्या ओसरीवर ठेवले आणि वहीचं एक पान भरून सूचना दिल्या. सावलीत ठेवा. पाणी ताजं. लसूणघास रोज. उचलताना मानेला धरू नका, खालून हात द्या. पान मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि तेवढ्यानंच सूचना पाळल्या असं समजलो.

लसूणघास आणायची ती बाई. वय तिशीच्या आसपास, नवरा वारलेला, दोन बकऱ्या हीच इस्टेट. दोनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन चर्चच्या मंडळीत आलेली. मी तिला मावशी म्हणायचो, कारण गावात तिला सगळेच मावशी म्हणायचे. तिच्याबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रीतिभोजन असे. भाकरी, आमटी, कधी गुळाची लापशी, आणि सगळी मंडळी एका पंगतीत. मंडळीचे वडील, म्हणजे आमचे कारभारी, प्रार्थना करण्याआधी दर वेळी एकच वाक्य म्हणत: आपले आजे कुठं बसायचे ते आठवा आणि जेवा. आमचे आजे गावकुसाबाहेर बसायचे. म्हणून आमच्या पंगतीचा एकच नियम होता, कोणी वेगळं बसायचं नाही. त्या दिवशी ही मावशी धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी यायची आणि पंगतीच्या बरोबर मधोमध बसायची. कडेला कधी नाही. कोणी थट्टा केली तर म्हणायची, "कडंला लई बसले."

आता माझं पाप. त्याची सुरुवात नाटकानं झाली, माझ्या बहुतेक पापांची तशीच होते.

शाळेच्या सुट्टीआधी मी जलप्रलयाचं नाटक बसवलं. तारू बांधणारा म्हातारा अर्थातच मी. घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे ठोकून तारू केलं. जनावरांच्या जोड्या आत चढवायच्या होत्या: कोंबड्या, शेळ्या, दोन कुत्री, जी एकमेकांशी बोलत नव्हती. आणि ऐन वेळी मला सुचलं की दूरदेशीचं जनावर म्हणून मडमचे गिनीपिग चढवले तर काय बहार येईल. चढवले. टाळ्या पडल्या. मग पाऊस सुरू झाला. चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींचा तो पाऊस मी एकट्यानं, तपशिलवार, तोंडानं पाडला. गडगडाट केला, विजा पाडल्या, बुडणाऱ्यांच्या आरोळ्या मारल्या. बायको पडद्याआडून पुटपुटत होती, "आवरा आता, आत जीव आहेत." मी आवरलं नाही. एप्रिलचं ऊन त्या पत्र्यावर पडत होतं. शेवटी तारवाचं दार उघडलं तेव्हा कोंबड्या उडाल्या, शेळ्या ओरडल्या, कुत्री पळाली. एक गिनीपिग धापा टाकत होता. भुवईवाला आडवा होता.

त्याला आम्ही दोघांनी परसात बाभळीखाली पुरला. पुरताना मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर, ते त्याच्यासाठी कमी आणि माझ्या नोकरीसाठी जास्त होतं.

नगरला एका दवाखान्यात रोगाच्या तपासणीसाठी असले प्राणी पाळत. तिथं पिंजरे झाडणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी मी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं नगर गाठलं. करंजीच्या घाटात मोटार थकली की उतारू खाली उतरून चालत, तसा अर्धा घाट चाललो. ओळखीच्यानं एक पांढरा प्राणी काढून दिला. मापाला बरोबर. मानेमागं थोडे केस गेले होते, थोडा कोंडा होता. येतील केस, म्हणाला. मी कशाला खोलात शिरतो? मला फक्त पांढरा हवा होता. भुवईची सोय माझ्याकडे होती.

शाळेची निळी-काळी शाई, चिमणीवर धरलेलं काजळ आणि एरंडेलाचं बोट. बायकोनं प्राणी धरला, मी जीभ बाहेर काढून भुवई काढली. पहिली जरा खाली आली, त्यामुळे तो रुसल्यासारखा दिसू लागला. पुसून दुसरी काढली. दर चार दिवसांनी ती नव्यानं भरावी लागे. शाळेत इतकी वर्षं मी पोरांना शाईचे डाग पाडू नका म्हणून सांगितलं आणि घरी शाईनं जनावर रंगवत बसलो. हा भाग मी लग्नघरी फार रंगवून सांगतो.

तीन आठवडे गेले. नवा प्राणी खाजवायला लागला. आधी आम्हांला गंमत वाटली, मागचा पाय तंबोऱ्याच्या तारेसारखा हलायचा. मग पाठीवरचे केस गेले, दोन्ही खांद्यांच्या मधे आणि मांड्यांच्या आत. तिथं कोंडा, मग पिवळट खपल्या. हात लावला की किंचाळायचा. नंतर जुना, मडमचा खरा प्राणीही खाजवू लागला. मी म्हणालो, घामोळं असेल. बायकोनं खोबरेल लावलं. एका सकाळी नवा खाजवता खाजवता आडवा पडला आणि चारही पाय ताणून झटके देऊ लागला. आता दुसराही जाणार, या भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात मावशी घासाचा भारा घेऊन आली. भारा टाकला, उकिडवी बसली, प्राणी मांडीवर घेतला आणि उजेडाकडे धरून केस उलटे फिरवून बघितले.

"मास्तर, हे घामोळं न्हाई. ही खरूज हाय."

मी म्हणालो, उवा असतील. मला काही कळत होतं असं नाही, पण मास्तरानं मत द्यायचं असतं.

"ऊ असती तर केसातनं पळताना घावली असती. लिखा असत्या. ही कातड्याच्या आत बीळ करून ऱ्हाती, डोळ्याला दिसत न्हाई. माझ्या बकरीला झाल्ती. बाजारातनं बोकड आनला, त्याच्यापासनं." मग तिनं मान वर केली. "तुमी नवं जनावर आनलं व्हतं का कुठनं?"

त्याच वेळी मंडळीच्या वडिलांची बायको, आक्का, विस्तव मागायला दारात येऊन उभी होती. हातात गोवरीचा तुकडा होता. आक्काच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीत फिरायची. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"छे," मी म्हणालो, "नवं कुठलं आलंय? हीच ती मडमची दोन."

एवढाच तो शब्द. पण तो शब्द खरा धरला तर नव्या जनावरापासून खरूज आलेली नाही. मग कुठून आली? आक्कानं प्राण्याकडे बघितलं, मग मावशीच्या हातांकडे. कोपरापासून मनगटापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. रोज घास घालताना ती त्यांना मांडीवर घेऊन बसायची.

"मग बकऱ्यांचीच असल," आक्का म्हणाली.

"माझी बकरी दिवाळीलाच बरी झाली की, आक्का."

आक्कानं विस्तव घेतला आणि गेली, जाताना मावशीपासून जरा लांबून.

पुरळ माझ्याही हातांवर होतं. बायकोच्याही. पण मी मे महिन्यात लांब बाह्यांचा कोट घालून शाळेच्या सुट्टीत हिंडत होतो आणि बायकोनं मनगटापर्यंतचा झंपर शिवला होता. गावात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, साहेब लोक उन्हाळ्यातही कोट घालतात. मावशीकडे कोटही नव्हता आणि झंपरही.

मेच्या पहिल्या रविवारी प्रीतिभोजन होतं. मावशी नेहमीसारखी धुतलेलं लुगडं नेसून आली आणि मधोमध बसली. तिच्या डावीकडची बाई उठून दुसरीकडे गेली. मग उजवीकडची. वडील आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी हलक्या आवाजात तिला सांगितलं की खाज जाईपर्यंत तू त्या निंबाखाली बस, लेकराबाळांना लागायला नको, राग मानू नकोस. ती पत्रावळ हातात धरून उभी राहिली. तिला नक्की काय झालं ते कळत नव्हतं, किंवा कळत होतं. सगळी पंगत गप्प झाली. वडिलांनी ते आज्यांचं वाक्य त्या दिवशी म्हटलं नाही.

मी वाढत होतो. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं ओगराळं. ती शांतता मला सहन झाली नाही. मला कुठलीच शांतता सहन होत नाही. ती निंबाखाली जाऊन बसली तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर थांबलो, एक पाय मागे टाकला, नाक वळवलं, दांड्याच्या अगदी टोकाला चिमटीत धरून ओगराळं लांबवलं आणि उंचावरून तिच्या पत्रावळीवर आमटी सोडली. आणि दुसऱ्या हातानं बादली खाली ठेवून कोटाच्या बाहीवरून कराकरा खाजवून दाखवलं.

पंगत हसली. अशी हसली की एकाला ठसका लागला. मावशीही हसली, कारण सगळे हसत असताना माणूस आणखी काय करणार? आमटीचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडाले होते. ती ते बोटानं टिपत होती.

वडील हसता हसता थांबले आणि खाली मान घालून भाकरी मोडू लागले. तेव्हा मला आठवलं. माझा आजा सांगायचा, पाटलाच्या विहिरीवर त्याला पाणी कसं मिळे. तो ओंजळ करून खाली बसायचा आणि वरून कोणीतरी लांबून धार सोडायचं, अंगावर उडेल अशी. ते सांगताना आजा ओंजळ करून दाखवायचा. मी समोरच्या प्रसंगाची नक्कल करायला निघालो होतो आणि हात आपोआप ती जुनी धार सोडून आले होते. शिवाय त्या कोटाच्या बाहीखाली खाज खरी होती. तिच्याइतकीच.

त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी घास घेऊन येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. भारा टाकला आणि पेटीत बघून म्हणाली की ही दोन्ही आठवड्यात मरतील, गंधक आना. माझ्याकडे तिनं नीट बघितलं नाही. मला तेच बरं वाटलं.

तिसगावच्या बाजारातून मी गंधक आणलं, तेल्याकडून करंजाचं तेल. तिनं गंधक पाट्यावर बारीक केलं आणि तेलात खललं, दहा वाटे तेल तर एक वाटा गंधक, जास्त झालं तर कातडं भाजतं म्हणाली. पेटीतलं सगळं गवत जाळायला लावलं. पेटी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकली. प्राण्यांची नखं कात्रीनं बोथट केली, म्हणजे खाजवून जखमा होणार नाहीत. मग कोमट पाण्यात एकेकाला भिजवून खपल्या मऊ करायच्या, ओढायच्या नाहीत, फडक्यानं टिपायचं आणि मग औषध चोळायचं. दोघांनाही, एकाला लावून चालत नाही. चाटू नये म्हणून औषध वाळेपर्यंत हातात धरून बसायचं.

आधी तिनं जुना धुतला. मग नवा घेतला. बायको पाणी ओतत होती, मी प्राणी धरला होता. मावशीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिचा तळवा काळा झाला. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा चोळलं. भुवई गालावरून ओघळून ताटलीत उतरली.

मावशीनं आपला हात बघितला. मग प्राणी बघितला, मग बायकोला, मग मला. बाहीखालचं माझं मनगट धुताना उघडं पडलं होतं, तेही तिनं बघितलं.

"म्हंजी नवं जनावर आलं व्हतं."

मी प्राणी एका हातात धरून बाही खाली ओढली.

"मी इचारलं तवा न्हाई म्हनलात."

मी बोलायला लागलो तेव्हा सगळं एकदम बोललो. नोकरी जाईल, मडमसाहेबांना काय वाटेल, जूनपर्यंत कोणाला सांगू नका, मी तुमच्यासाठी काहीही करीन. बायको उठून चुलीकडे गेली. मावशीनं ते सगळं ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, "धरा नीट. मान धरू नका, खालनं हात द्या." आणि औषध चोळू लागली.

तिनं कोणाला सांगितलं नाही. मी विनवलं म्हणून, की सांगून कोणी तिचं खरं धरणार नाही हे तिला ठाऊक होतं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. तिच्या जागी मी असतो तर त्याच संध्याकाळी चावडीवर प्रयोग लावला असता.

आठ दिवसांनी तिनं पुन्हा औषध लावलं. मी म्हणालो, आता खाजवत नाहीत. तर म्हणाली, अंडी ऱ्हात्यात, ती फुटली की परत सुरू. तिसऱ्यांदा आणखी आठ दिवसांनी. महिन्याभरात दोन्ही प्राण्यांच्या पाठीवर बारीक लव आली. नव्याच्या कपाळावरही आली. पांढरी. मी पुन्हा रंगवायचं नाव काढलं नाही, पण शाईची बाटली फेकलीही नव्हती.

आमच्या हातांवरचं पुरळ तोवर आपोआप गेलं. ही खरूज त्या प्राण्यांचीच, माणसाच्या अंगात टिकत नाही, हे पुढं मडमसाहेबांनी सांगितलं. मावशीचे हात तर आमच्याही आधी स्वच्छ झाले होते. पण जूनच्या पंगतीला कोणी तिला ये म्हटलं नाही. ती आली, एकदा पंगतीकडे बघितलं आणि निंबाखाली जाऊन बसली. मी आमटी वाढायला गेलो आणि अगदी जवळून, वाकून, ओगराळं पत्रावळीला टेकवून वाढली. मला वाटलं, झाली भरपाई. घरी परतताना मी गुणगुणतसुद्धा होतो. किती स्वस्तात सुटायला बघत होतो मी.

जूनच्या मध्यावर मडमसाहेब परतल्या. पेटी उघडून त्यांनी पहिली भुवई शोधली. मी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रंगात आलो, तारू, पाऊस, मोटार, शाई. मडमसाहेब आधी रडल्या, मग भुवईपाशी हसल्या, मग परसात येऊन बाभळीखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या. नोकरी गेली नाही. प्राणी कोणी बरे केले, त्यांनी विचारलं. मी मावशीचं नाव सांगितलं. त्या तिच्या खोपटात गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानून आल्या. आक्का आडाशेजारच्या ओट्यावर बसून म्हणाली, जिनं लावली तिनंच काढली, त्यात काय?

त्याच दुपारी भाकरी थापताना बायको म्हणाली, "अहो, मडमला सगळं सांगितलंत. तेवढं एक सोडून."

"कुठलं?"

"कुणावर ढकललंत ते."

मी म्हणालो, जुलैच्या पंगतीला सगळ्यांसमोर सांगतो. तिनं भाकरी तव्यावर टाकली. "सांगा. पण साधं सांगा."

जुलैच्या त्या रविवारी अंगण ओलं होतं म्हणून पंगत शाळेच्या ओसरीवर बसली. निंब गळत होता, त्यामुळे मावशी ओसरीच्या सगळ्यांत खालच्या पायरीशी बसली. वाढायच्या आधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला मंडळीसमोर कबुली द्यायची आहे. आणि मी दिली. देवाशप्पथ, मी साधी द्यायला निघालो होतो. पण पहिल्याच वाक्याला कोणीतरी खुदकन हसलं आणि मी गेलो वाहत. पाऊस पाडला. मोटार खोकवली. भुवई काढताना जीभ बाहेर आली. "खरूज मी आणली, मावशीनं नाही" हे वाक्यही मी म्हटलं, नीट म्हटलं, छातीवर हात ठेवून म्हटलं. पण ते कोटाच्या बाहीच्या नकलेला लागून आलं आणि हशात गेलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आक्का म्हणाली, हा मास्तर मेला कबुलीतही नाटक सोडत नाही. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

मग प्रार्थना झाली, पत्रावळी मांडल्या गेल्या, आणि मावशी होती तिथंच होती. पायरीशी. तिला कोणी हाकललं नव्हतं आणि कोणी बोलावलंही नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. ती एकटीच हसली नव्हती.

मला एक सुचलं. मला नेहमी काहीतरी सुचतंच. मी बादली खाली ठेवली, एक पत्रावळ उचलली, सगळ्यांना दिसेल असा ओसरी उतरलो आणि मावशीच्या शेजारी ओल्या पायरीवर मांडी घालून बसलो. मनात म्हटलं, आता बघा.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मास्तर, तुमी हितं कशाला आलात? मला तिकडं बसायचंय."

तिनं हनुवटीनं ओसरीवर दाखवलं. बरोबर मधोमध.

मी उठलो. पायऱ्या चढलो. पंगतीच्या मधे जाऊन उभा राहिलो तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या, आता मास्तर आणखी काय करतो म्हणून. काहींच्या तोंडावर आधीच हसू तयार होतं. तिथं एका बाजूला आक्का होती, दुसऱ्या बाजूला माझी बायको. मला म्हणायचं होतं फक्त एक वाक्य. पण ते एक, कुठल्याही आवाजाची नक्कल न करता, माझ्याच आवाजात म्हणायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू. आक्काकडे बघताच जिभेवर थट्टा आली होती, ती मी गिळली.

"आक्का, सरका. मावशीला बसायचंय."

कोणी हसलं नाही. मला वाटलं आता काहीतरी होईल. बायको वीतभर सरकली. आक्का बसून राहिली. वडिलांनी आपल्या पत्रावळीवरचा हात काढला, आक्काकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. मग आक्कानं लुगड्याचा घोळ आवरला आणि सरकली, बोटभर, मग आणखी थोडी. पुरेशी.

मावशी आपली पत्रावळ घेऊन वर आली आणि बसली. लुगडं धुतलेलं होतं. मेमधल्या आमटीचा पिवळा डाग काठाजवळ तसाच होता, हळदीचा डाग जात नाही.

मी बादली उचलली. ओगराळं मी तिथंच ठेवून दिलं आणि घरातून आणलेल्या वाटीनं वाढायला लागलो. तिच्यापाशी आलो तेव्हा तिनं पत्रावळ दोन्ही हातांनी जरा पुढं केली.

"वाढा," ती म्हणाली, "आनि भाकर दोन द्या. सकाळपासनं काय खाल्लं न्हाई."